फेटची ‘पेंड्युलम लॅब’: लंबक उत्तम, तक्ता मात्र वहीतच आखा

‘एका वेळी एकच गोष्ट बदला’ असं सांगितलं की मुलं मान डोलावतात आणि पुढच्याच मिनिटाला लंबकाची दोरी आणि गोळा दोन्ही बदलून मोकळी होतात. सातवी-आठवीच्या मुलांची ही खोड घालवायला कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट (PhET) प्रकल्पाचं हे सिम्युलेशन, म्हणजे संगणकावरचा लंबकाचा प्रयोग, झकास आहे. फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, आणि फाइल एकदा पेन ड्राइव्हवर घेतली की इंटरनेट नसलेल्या शाळेतही चालतं.

दोरी ०.१ ते १ मीटर, गोळा ०.१ ते १.५ किलो. एक मीटरच्या दोरीला एका दोलनाला (म्हणजे एकदा जाऊन परत यायला) साधारण २.०१ सेकंद लागतात. आता अर्ध्या मीटरचा अंदाज आधी वहीत लिहून घ्या. ‘निम्मी दोरी, म्हणजे एक सेकंद’ हे उत्तर हमखास येतं. प्रत्यक्षात येतात १.४२. एक सेकंद हवा तर पाव मीटरपर्यंत खाली यावं लागतं. सूत्र इथे सांगू नका, तक्त्यातून दिसू द्या.

सिम्युलेशनच्या ‘लॅब’ नावाच्या पडद्यावर दोलनकाल, म्हणजे एका दोलनाचा वेळ, आपोआप मोजणारा टायमर आहे. तो पहिल्या तासाला हातीच देऊ नये. साध्या स्टॉपवॉचने दहा दोलनं मोजून दहाने भागलं की बोटाची ०.२ सेकंदाची चूक ०.०२ वर येते. घड्याळ सुरू करताना ‘एक’ नव्हे, ‘शून्य’ म्हणायचं. नाहीतर नऊच दोलनं मोजली जातात आणि २.०१ च्या जागी १.८१ येतं.

मोठा घोळ कोनाचा. ९०° वरून सोडलं तर त्याच एक मीटरच्या दोरीला सुमारे २.३७ सेकंद लागतात. जड गोळा लांब ओढून सोडला आणि हलका जवळून, की ‘जड गोळा सावकाश हलतो’ हा निष्कर्ष तयारच! कोन १०° च्या आत ठेवा. एखाद्या गटाला मात्र ही चूक मुद्दाम करू द्यावी.

उणिवा दोन. नोंदींचा तक्ता नाही, आणि दोन गोष्टी एकदम बदलल्या तरी सिम्युलेशन टोकत नाही. ते काम शिक्षकांचंच. शिवाय इथे सगळं फारच गुळगुळीत चालतं, म्हणून दुसऱ्या तासाला खरा दोरा आणि वॉशर घ्याच. वॉशर एकाखाली एक लटकवू नका, सगळे एकाच हुकात अडकवा. नाहीतर लंबकाची लांबी वाढत जाते आणि वजनाचा परिणाम शोधायला निघालेली मुलं नकळत लांबीच तपासत बसतात.