रुग्ण घरी कसा जाणार, हे विचारणारा फिजिओथेरपी विभाग

नाशिकमधील ज्या खासगी रुग्णालयाविषयी मी लिहीत आहे त्याचे नाव येथे देत नाही, कारण सेवेच्या गुणांबरोबर तिच्या उणिवाही स्पष्ट लिहायच्या आहेत. माझ्या सासूबाई घरात पडल्या आणि त्यांच्या उजव्या खुब्याचे हाड मोडले. अर्धा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली, त्याबद्दल डॉक्टरांचे आभारच मानले पाहिजेत. परंतु त्यांच्या डाव्या अंगावरून पूर्वी अर्धांगवायू गेलेला असल्यामुळे खरा प्रश्न शस्त्रक्रियेनंतर त्यांना घरी नेण्याचा होता, आणि तो प्रश्न या रुग्णालयात फिजिओथेरपिस्टने सोडवला.

खुब्याच्या दुखण्यात काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात द्यावी, असा सर्वसाधारण नियम आहे. सासूबाईंचा दुखरा पाय उजवा, आणि ज्या डाव्या हातात काठी द्यायची त्याच हाताची पकड गेलेली. जिना चढताना चांगला पाय आधी टाकावा आणि उतरताना दुखरा, हा नियमही निरुपयोगी ठरला, कारण चांगला म्हणावा असा पायच उरला नव्हता. फिजिओ मॅडमनी त्यांना एकदा रुग्णालयाच्याच जिन्यापाशी नेऊन पाहिले आणि सध्या जिना अजिबात नको, असा निर्णय दिला. चालण्यासाठी त्यांनी डाव्या बाजूला हाताचा पुढचा भाग टेकवता येईल अशी पट्टी बसवलेला वॉकर सुचवला. पकड नसली तरी भार घेता येईल, हा त्यामागचा विचार होता.

त्यानंतर त्यांनी आमच्याकडून घराचे फोटो आणि मापे मागवली. आमचे घर पंचवटीतील जुन्या वाड्यात आहे. सासूबाईंची खोली माडीवर, जिना अरुंद आणि उभा, आणि शौचालय भारतीय पद्धतीचे. शौचालयाच्या दाराची चौकट २२ इंच भरली, म्हणजे नेहमीची व्हीलचेअर आत जाणारच नव्हती. त्यामुळे अंथरूण खालच्या खोलीत हलवणे, कमोड खुर्ची पलंगाशेजारी ठेवणे आणि बसताना गुडघे खुब्यापेक्षा वर जाऊ नयेत म्हणून पलंगाच्या पायांखाली लाकडी ठोकळे देणे, ही तयारी त्या रुग्णालयात असतानाच आमच्याकडून करून घेण्यात आली. देवापुढे पाटावर बसण्याची सासूबाईंची रोजची सवय होती. खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नसल्यामुळे काही काळ पूजा खुर्चीत बसून करावी लागेल, हे मॅडमनी त्यांना स्वतः, पुरेसा वेळ देऊन समजावले. आम्ही सांगितले असते तर त्यांनी ते मानले नसते.

शस्त्रक्रियेच्या दृष्टीने शुक्रवारी घरी सोडायला हरकत नव्हती. मात्र पलंगावरून उभे करताना सासूबाईंना भोवळ येत असल्याचे फिजिओ मॅडमच्या लक्षात आले होते. त्यांनी आडवे असतानाचा आणि उभे केल्यानंतरचा रक्तदाब मोजून घेतला. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर ती घट गंभीरपणे घ्यावी लागते, आणि त्यांचा रक्तदाब त्याहून अधिक उतरत होता. ही नोंद फाइलमध्ये गेल्यावर फिजिशियननी औषधाची मात्रा बदलली आणि डिस्चार्ज सोमवारवर गेला. मुक्काम का वाढला याचे कारण विम्याच्या टीपीएने, म्हणजे दाव्यांचे काम पाहणाऱ्या मध्यस्थ कंपनीने विचारले, तेव्हाही हीच लेखी नोंद उपयोगी पडली. ज्या रुग्णालयात फिजिओथेरपिस्टच्या शब्दावरून ठरलेली तारीख पुढे ढकलली जाते, तेथील इतर डॉक्टरांचाही मला आदर वाटतो.

घरी सांभाळण्यासाठी ब्युरोकडून ठरवलेल्या मावशींना फिजिओ मॅडमनी आधीच वॉर्डात बोलावून घेतले, नुसते दाखवले नाही, तर प्रत्यक्ष करायला लावले. ऑपरेशनचा पाय किंचित पुढे ठेवायचा, बेताने पुढे झुकवून उभे करायचे, आणि लुळ्या हाताला किंवा काखेत धरून कधीही ओढायचे नाही, कारण अशा ओढण्याने अशक्त खांदा निखळू शकतो. मावशींना हे मदतीशिवाय जमेपर्यंत मॅडम पलंगापाशी उभ्या होत्या.

आता उणिवा. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्याच दिवशी रुग्णाला उठवून बसवावे व हालचाल सुरू करावी, असे इंग्लंडच्या नाइस या संस्थेच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. येथे मात्र फिजिओथेरपीचा निरोप उशिरा गेला आणि तोही आम्ही विचारल्यावर. रविवारी विभाग बंद असतो, म्हणजे रुग्ण दिवसभर अंथरुणातच राहतो. सर्वांत खटकलेली गोष्ट डिस्चार्ज कार्डाची. इतका विचार होऊनही त्यावर 'फिजिओथेरपी चालू ठेवावी' एवढीच ओळ छापून आली. पायावर किती भार द्यायचा, कोणत्या हालचाली टाळायच्या, हे मॅडमनी स्वतंत्र कागदावर हाताने लिहून दिले, म्हणून घरी येणाऱ्या फिजिओंना पहिल्या दिवसापासून नीट काम करता आले. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून याच शहरात आहे; तेथे फिजिओथेरपीचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या व्यक्तीच्या शब्दाला छापील कार्डावर जागा नसावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ज्यांच्या घरी वयस्कर आणि एकाहून अधिक दुखणी असलेले रुग्ण आहेत, त्यांना मी हे रुग्णालय निश्चित सुचवेन. दाखल झाल्याच्या दिवशीच फिजिओथेरपिस्टची भेट मागून घ्यावी, घराची मापे तयार ठेवावीत आणि घरी सांभाळणारी व्यक्ती डिस्चार्जच्या किमान एक दिवस आधी वॉर्डात आणावी. रुग्णालयाच्या व्यवस्थापनाला माझी विनंती आहे की त्यांनी डिस्चार्ज कार्डावर फिजिओथेरपिस्टसाठी स्वतंत्र रकाना आणि सहीची जागा ठेवावी.