वावराच्या राखणीला एचबी-१०० रडार: मॉड्यूल चांगलं, कोड मात्र बदला

रानडुकरं आणि रोही हाकलायला झटका मशीनच्या (कुंपणात विजेचे झटके सोडणाऱ्या यंत्राच्या) जोडीला भोंगा वाजवणारं रडार बसवायचं असेल, तर १०.५२५ गिगाहर्ट्झचं एचबी-१०० मॉड्यूल जरूर घ्यावं. ५ व्होल्टवर साधारण ३० मिलिअँपिअर खातं, अंधार आणि धुक्यानं अडत नाही. तक्रार असते ती एकच: चालणारा माणूस सापडतो, धुऱ्यानं पळणारं डुक्कर निसटतं. त्यात मॉड्यूलचा दोष नाही. साध्या एफएफटीच्या (सिग्नलमधल्या वारंवारता वेगळ्या काढणाऱ्या गणिताच्या) कोडमध्ये त्वरणाचा, म्हणजे वेग बदलत जाण्याचा, विचारच नसतो.

हलत्या वस्तूवरून परतणाऱ्या लहरीच्या वारंवारतेत पडणारा फरक म्हणजे डॉप्लर. सेकंदाला १ मीटर वेगाला तो इथं ७० हर्ट्झ. सेकंदाला २,००० नमुने घेऊन ५१२ ची एफएफटी केली, तर खिडकी (एका वेळी तपासलेला सिग्नलचा तुकडा) ०.२५६ सेकंदांची आणि कप्पा (वारंवारतेचा एक भाग) ३.९ हर्ट्झचा होतो. आता १० मीटरवरून सेकंदाला ६ मीटर वेगानं आडवं पळणारं जनावर घ्या. त्याचा स्वतःचा वेग कायम असला तरी रडारच्या दिशेचा वेग बदलत राहतो. सगळ्यात जवळच्या बिंदूपाशी हे त्वरण वेगाचा वर्ग भागिले अंतर, म्हणजे ३.६ मीटर प्रति सेकंद वर्ग येतं. एका खिडकीत डॉप्लर ६५ हर्ट्झ सरकतो, ऊर्जा सोळा-सतरा कप्प्यांत पसरते, शिखर (सगळ्यात भरलेल्या कप्प्याची उंची) सुमारे १२ डेसिबलनं बसतं. पल्ला निम्म्यावर येतो.

उपाय कोडमध्येच आहे. ० ते ४ पर्यंत ०.४ च्या टप्प्यानं त्वरण गृहीत धरा. दर वेळी प्रत्येक नमुन्याची फेज (लहरीच्या आवर्तनातला कोन) २ × पाय × त्वरण × वेळेचा वर्ग ÷ तरंगलांबी (०.०२८५ मीटर) इतकी उलटी फिरवा आणि मग एफएफटी करा. वेळ खिडकीच्या मध्यापासून मोजा. ज्या त्वरणाला शिखर सगळ्यात उंच, ते खरं. मॉड्यूलला एकच आउटपुट असल्यानं ऋण त्वरणाची उत्तरं आरशातली येतात. म्हणून ११ फेऱ्या पुरतात, पण एफएफटीच्या दोन्ही बाजू तपासायच्या. अकरा उत्तरांतून कमाल निवडताना खोटे इशारे वाढतात, तेव्हा थ्रेशोल्ड (इशारा देण्याची किमान उंची) थोडा वर न्या. पळत्या पायांचा पसारा यानं आवरत नाही. धड तेवढं नीट गोळा होतं.

बसवण्यात जास्त चुका होतात. रडार धुऱ्याकडे काटकोनात रोखू नका: जनावर समोर आलं की डॉप्लर शून्यावर येतो आणि हलणाऱ्या तुरीत मिसळतो. कोपऱ्यावरून ४५ अंश तिरपं लावलं की झोताच्या मध्यावर त्वरणही निम्मं होतं. तुरीसाठी ३० हर्ट्झखालचे कप्पे सोडावेच लागतात. त्यामुळे रेंगाळत चरणारं डुक्कर हुकेल, ही या रडारची खरी मर्यादा. गोठ्यातली ट्यूबलाइट झोतात आली तर १०० हर्ट्झची रेघ उमटते, म्हणजे ताशी ५ किलोमीटरनं चालणाऱ्या जनावरासारखीच. दिवा तरी हलवा नाहीतर रडार.

आउटपुट मायक्रोव्होल्टमध्ये असतं, त्यामुळे अॅम्प्लिफायरचे दोन टप्पे लागतात, प्रत्येकी साधारण १०० पट. १२ व्होल्टच्या बॅटरीवरून स्वस्त बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं स्विचिंग सर्किट) लावलात तर त्याची खरखर सिग्नलमध्ये शिरते. ३० मिलिअँपिअरला ७८०५ (५ व्होल्ट देणारा साधा रेग्युलेटर) पुरेसा आहे. झटका मशीनचा ठोका साधारण दर सेकंदाला पडतो आणि सगळे कप्पे एकदम भरतो. असे टोकाला गेलेले नमुने ज्या खिडकीत दिसतील ती टाकून द्या.

पल्ला वाढेल या आशेनं २४ गिगाहर्ट्झचं महाग मॉड्यूल घेणार असाल तर थांबा. तिथं तरंगलांबी १२.४ मिलिमीटर, म्हणून तेवढ्याच त्वरणाला पसारा २.३ पट. जुना कोड तसाच ठेवलात तर पळतं डुक्कर आणखीच निसटेल.