निओव्हिमची सगळी मांडणी निक्सकडे सोपवावी का? होम मॅनेजर आणि निक्सव्हिम यांचे परीक्षण

निओव्हिम हा टर्मिनलमध्ये चालणारा मजकूर-संपादक हाती येतो तेव्हा जवळजवळ कोरा असतो. ब्राम मोलेनार यांच्या १९९१ च्या व्हिमपासून २०१४ मध्ये थियागो दे अरुडा यांनी त्याची वेगळी शाखा काढली, आणि २०२१ च्या ०.५ आवृत्तीपासून त्याची मांडणी (कॉन्फिगरेशन) लुआ भाषेत करण्याची पद्धत रुळली. त्यानंतर प्लगइनांची संख्या झपाट्याने वाढली आणि प्लगइन बसवणारी साधनेही वाढली. आज बहुतेक जण प्लगइनांसाठी लेझी-एनव्हिम वापरतात, लँग्वेज सर्व्हर (कोड समजून सूचना व चुका दाखवणारा प्रोग्रॅम) आणि फॉरमॅटर (कोडची रचना नीट करणारे साधन) यांच्यासाठी मेसन वापरतात, आणि रिपग्रेप (फाइलींत मजकूर शोधणारे साधन) किंवा सी-कंपायलरसारख्या उरलेल्या गोष्टी आपापल्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या पॅकेज मॅनेजरकडून घेतात. म्हणजे एकाच संपादकाचा कारभार तिघांकडे असतो आणि त्या तिघांपैकी कोणालाही इतर दोघांनी काय बसवले आहे याची खबर नसते. लेझीची लॉक फाइल प्लगइनांचे कमिट, म्हणजे कोडची विशिष्ट आवृत्ती, नेमके नोंदवते खरे, पण त्या प्लगइनांना लागणारा सर्व्हर कोणत्या आवृत्तीचा होता, हे त्या फाइलीत कुठेही नसते.

निक्स या पॅकेज मॅनेजरचा दावा असा की हा सगळा कारभार एका लिखित वर्णनातून चालवता येतो: काय हवे ते फाइलीत लिहायचे, एक कमांड द्यायची, आणि यंत्राची स्थिती त्या वर्णनाशी जुळवून घेण्याचे काम निक्सने करायचे. घरच्या फोल्डरातील मांडणीसाठी यावर होम मॅनेजर नावाचा थर आहे आणि केवळ निओव्हिमसाठी त्याच्याही वर निक्सव्हिम आहे. या परीक्षणात मुख्यतः या दोन थरांचा विचार केला आहे, कारण निवड करायची असते ती त्यांच्यातच.

पायाभूत कल्पना थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. एल्को डोल्स्ट्रा यांनी २००६ मध्ये उत्रेख्त विद्यापीठात सादर केलेल्या पीएच.डी. प्रबंधात ती सविस्तर मांडलेली आहे. प्रत्येक पॅकेज स्टोअर नावाच्या एकाच फोल्डरात, पण स्वतःच्या स्वतंत्र पत्त्यावर राहते. त्या पत्त्याच्या सुरुवातीला बत्तीस अक्षरांचा हॅश असतो आणि तो साधारणपणे त्या पॅकेजचा सोर्स, त्याची अवलंबने आणि बांधणीची कृती या सर्वांवरून काढलेला असतो. यातले काहीही बदलले की पत्ता बदलतो. म्हणून एकाच साधनाच्या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी नांदू शकतात आणि जुनी आवृत्ती पुसल्याशिवाय नवी बसवता येते. निक्सपॅकेजेस या सामायिक संग्रहात आज एक लाखाहून अधिक पॅकेजे आहेत आणि निओव्हिमच्या प्लगइनांचा त्यात स्वतंत्र विभाग आहे.

होम मॅनेजरच्या निओव्हिम मॉड्यूलमध्ये प्लगइनांची यादी द्यायची, लुआचा मजकूर द्यायचा आणि ‘एक्स्ट्रा पॅकेजेस’ या पर्यायात बाहेरची साधने नोंदवायची. या तिन्हींतला तिसरा पर्याय मला सर्वांत मोलाचा वाटतो आणि परिचयपर लेखांत नेमका तोच दुर्लक्षित राहतो. तिथे नोंदवलेले लँग्वेज सर्व्हर, फॉरमॅटर आणि लिंटर (कोडमधल्या संभाव्य चुका दाखवणारी साधने) संपूर्ण यंत्रावर पसरत नाहीत. होम मॅनेजर निओव्हिमभोवती एक छोटी आवरण-स्क्रिप्ट तयार करतो आणि संपादक सुरू होताना ही साधने फक्त त्याच्या पाथमध्ये (प्रोग्रॅम शोधण्याच्या जागांच्या यादीत) घातली जातात, त्यामुळे टर्मिनलमध्ये ती दिसतही नाहीत. शिवाय ती पाथच्या शेवटी जोडली जातात, सुरुवातीला नव्हे. या क्रमाचा परिणाम फार उपयोगी आहे: एखाद्या प्रकल्पाने स्वतःच्या डेव्हलपमेंट शेलमध्ये त्याच सर्व्हरची वेगळी आवृत्ती ठरवून दिली असेल, तर त्या शेलमधून उघडलेला संपादक प्रकल्पाचीच आवृत्ती उचलतो आणि इतरत्र आपली नेहमीची वापरतो. फोल्डरात शिरताच त्या प्रकल्पाचे शेल आपोआप लावणाऱ्या डायरेन्व्हच्या जोडीने हे इतके बिनबोभाट चालते की मेसनची आठवण राहत नाही.

मेसनला रजा देणे निक्सवर उभारलेल्या निक्स-ओएस या लिनक्स प्रणालीवर तर जवळजवळ सक्तीचे असते. मेसन अनेक साधने तयार बायनरीच्या रूपात उतरवून घेतो आणि त्या बायनरी लिनक्सच्या ठरावीक जागी असलेल्या डायनॅमिक लोडरची (बायनरीला लागणाऱ्या लायब्रऱ्या जोडणाऱ्या प्रोग्रॅमची) अपेक्षा करतात. निक्स-ओएसवर त्या जागी खरा लोडर नसल्याने त्या चालत नाहीत. त्या जागी लोडर पुरवणारा निक्स-एलडी नावाचा उपाय आहे, पण ज्या अनुशासनासाठी निक्स घेतला त्यालाच त्यातून बगल दिली जाते. कोडचे व्याकरण वाचून त्याला रंग देणाऱ्या ट्री-सिटरचीही गोष्ट तशीच आहे. एरवी प्रत्येक भाषेचे व्याकरण आपल्या यंत्रावर कंपाइल होते; इथे ती व्याकरणे आधीच बांधलेली मिळतात, सी-कंपायलर लागत नाही, आणि व्याकरण एका आवृत्तीचे व रंगसंगतीचे नियम दुसऱ्या आवृत्तीचे असा जो बेबनाव अद्ययावतीकरणानंतर वारंवार दिसतो, तो मुळातच टळतो.

परतीची वाट हे दुसरे बलस्थान आहे. प्रत्येक यशस्वी बदलानंतर होम मॅनेजर नवी ‘जनरेशन’ नोंदवतो, आणि प्लगइनांच्या अद्ययावतीकरणानंतर संपादक बिघडला तर आधीची जनरेशन सक्रिय करून काही क्षणांत पूर्ववत काम सुरू करता येते. यात फक्त प्लगइन मागे जात नाहीत. निओव्हिमची आवृत्ती, लँग्वेज सर्व्हर आणि लुआची मांडणी हे सगळे एकत्र मागे जाते. ०.११ आवृत्तीने लँग्वेज सर्व्हर जोडण्याची पद्धत संपादकाच्या गाभ्यातच आणली, तेव्हा जुन्या पद्धतीवर विसंबलेल्या प्लगइनांना बदलावे लागले. अशा संक्रमणात ही सोय किती कामाची आहे, हे लेझीची लॉक फाइल मागे नेऊनही संपादक नवाच राहिल्याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना सांगावे लागणार नाही.

आता किंमत. निक्सच्या स्टोअरमध्ये लिहिता येत नाही आणि होम मॅनेजरने तयार केलेली मांडणीची फाइल ही त्या स्टोअरकडे नेणारी सिमलिंक असते. परिणामी एखाद्या की-मॅपिंगमधले एक अक्षर बदलायचे असले, तरी मूळ फाइल बदला, स्विच कमांड द्या, मूल्यमापन आणि बांधणी होईपर्यंत थांबा, मग संपादक पुन्हा उघडा, एवढा फेरा पडतो. संपादकाची मांडणी ही थोडे बदलून, लगेच पाहून, पुन्हा बदलण्याची गोष्ट आहे आणि त्या कामात ही वाट पाहणे खरोखर जाचक होते. याला उतारा होम मॅनेजरमध्येच आहे: स्टोअरबाहेरच्या खऱ्या फोल्डराकडे नेणारी सिमलिंक त्याच्याकडूनच करून घेता येते, म्हणजे लुआच्या फाइली आपल्या गिट रिपॉझिटरीत राहतात आणि बदल तत्काळ लागू होतात. शुद्धतावाद्यांना हे रुचत नाही, कारण मग जनरेशन मागे नेली तरी लुआच्या फाइली मागे जात नाहीत. माझ्या मते ही तडजोड स्वीकारण्याजोगी आहे, कारण त्या फाइलींचा इतिहास गिटकडे असतोच.

फ्लेक (इनपुट आणि त्यांच्या आवृत्त्या बांधून ठेवणारी निक्सची रचना) वापरणाऱ्यांसाठी आणखी एक खाचखळगा आहे. गिट रिपॉझिटरीतल्या फ्लेकमध्ये निक्स फक्त गिटला माहीत असलेल्या फाइलीच पाहतो. नवी लुआ फाइल तयार केली, ती डोळ्यांसमोर आहे, तरी गिटमध्ये ‘ॲड’ केलेली नसेल तर निक्स ती अस्तित्वातच नाही असे सांगतो, आणि चूक दाखवणाऱ्या संदेशावरून कारणाचा थांग नवख्याला सहसा लागत नाही. एकंदरीतच निक्सचे चूक दाखवणारे संदेश ही या साधनाची सर्वांत दुबळी बाजू आहे. अनंत पुनरावृत्तीची तक्रार करणारा लांबलचक माग वाचून चूक आपल्या कोणत्या ओळीत आहे हे शोधणे अनुभवी माणसालाही सोपे जात नाही. फ्लेक ही सुविधा २०२१ च्या २.४ आवृत्तीत प्रायोगिक म्हणून आली. तो शिक्का बराच काळ उतरला नाही, आणि तरीही बहुतेक मार्गदर्शक लेख ती गृहीतच धरतात. ही विसंगती नव्या वापरकर्त्याच्या माथी येते.

निक्सव्हिम याच्या पुढचे पाऊल टाकतो. इथे लुआ लिहायचीच नाही. टेलिस्कोप हे शोधाचे प्लगइन हवे तर ते ‘एनेबल’ करायचे, लँग्वेज सर्व्हर हवा तर त्याचे नाव लिहायचे, की-मॅपिंग आणि संपादकाचे पर्याय निक्सच्याच भाषेत द्यायचे, आणि त्या सर्वांतून लुआची फाइल निक्सव्हिमने तयार करायची. सुरुवातीला हे अत्यंत सुखाचे वाटते. सर्व्हर सुरू करण्याची एक ओळ लिहिली की तो सर्व्हर बसवला जातो आणि जोडलाही जातो. तयार झालेला संपादक स्वतंत्र पॅकेज म्हणूनही बांधता येतो. म्हणजे निक्स असलेल्या दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर, काहीही कायमचे न बसवता, एका कमांडवर आपला संपादक जसाच्या तसा उघडतो. अनेक यंत्रांवर काम करणाऱ्यासाठी एवढे एक कारण पुरेसे ठरू शकते.

मात्र दोन बाबतींत निक्सव्हिम अपेक्षेपेक्षा कमी देतो. पर्यायाचे नाव चुकले तर बांधणीच थांबेल, ही त्याची मोठी जाहिरात. ती मॉड्यूलच्या स्वतःच्या पर्यायांपुरती खरी आहे. प्लगइनच्या ‘सेटिंग्ज’खाली लिहिलेला मजकूर मात्र बहुतांशी मोकळा असतो आणि तिथे केलेली स्पेलिंगची चूक कोणत्याही हरकतीशिवाय थेट लुआपर्यंत पोचते. दुसरे असे की थोडीशी गुंतागुंतीची मांडणी झाली की लुआ लागतेच, आणि ती निक्सच्या स्ट्रिंगमध्ये कोंबावी लागते. त्या स्ट्रिंगची सुरुवात आणि शेवट दोन एकेरी अवतरणचिन्हांनी होतो. लुआमध्ये रिकामी स्ट्रिंगही बरेच जण तशीच लिहितात, आणि निक्सला आपला मजकूर तिथेच संपल्यासारखा वाटतो. स्ट्रिंगच्या आधी भाषेचे नाव कॉमेंटमध्ये दिले तर ट्री-सिटर तिला रंग देतो, पण लुआच्या सर्व्हरकडून मिळणारी मदत तिथे मिळत नाही. शिवाय प्लगइनच्या मूळ दस्तऐवजातले प्रत्येक उदाहरण मनातल्या मनात निक्समध्ये उतरवून घ्यावे लागते, आणि हे काम एकदा करून संपत नाही. ते प्रत्येक नव्या प्लगइनबरोबर पुन्हा येते. आणखी एक तांत्रिक पथ्य: निक्सपॅकेजेसची जी शाखा वापरत असाल, तिला जुळणारीच निक्सव्हिमची शाखा घ्यावी.

संग्रहात नसलेले प्लगइन बसवायचे असेल तर त्याची कृती स्वतः लिहावी लागते. ती चार-पाच ओळींची असते आणि तिच्यात सोर्सचा हॅश द्यावा लागतो. तो ठाऊक नसल्याने मुद्दाम खोटा हॅश द्यायचा, बांधणी अपयशी होऊ द्यायची आणि संदेशात छापलेला खरा हॅश उचलून जागी ठेवायचा, ही सर्वमान्य रीत आहे. ती ओबडधोबड वाटली तरी तिचा कोणाला संकोच नाही. अलीकडे बांधणीच्या वेळी प्लगइनची लुआ मॉड्यूले लोड होतात का याची तपासणीही होते, त्यामुळे अवलंबन राहिले असेल तर ते संपादक उघडण्याआधीच कळते. याउलट, बाकी सर्व पुढे नेऊन एखादेच प्लगइन जुन्या कमिटवर थांबवायचे असेल, तर लेझीमध्ये जे एका ओळीत होते त्यासाठी इथे स्वतंत्र इनपुट किंवा सोर्सची बदली करावी लागते. निक्स-ओएसच्या स्थिर शाखा वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबरच्या सुमारास निघतात, आणि स्थिर शाखेवर राहणाऱ्याला मधल्या सहा महिन्यांत प्लगइनांमध्ये फारसा बदल दिसत नाही. मला हा गुण वाटतो. रोज नवे काही पाहण्याची सवय असलेल्यांनी अस्थिर शाखा घ्यावी.

डिस्कची जागा सढळ हाताने द्यावी लागते. जुन्या जनरेशन आपोआप जात नाहीत आणि प्रत्येक अद्ययावतीकरणानंतर स्टोअर काही गिगाबाइटांनी सहज फुगते. वापरात नसलेली पॅकेजे पुसणारी गार्बेज कलेक्शनची कमांड अधूनमधून द्यावी, मात्र सर्व जुन्या जनरेशन पुसून टाकणारा पर्याय वापरला तर परतीची वाटही बंद होते. बहुतेक पॅकेजे अधिकृत कॅशमधून तयार मिळतात, त्यामुळे लॅपटॉपला तासन्तास कंपाइल करावे लागत नाही, पण पहिले डाउनलोड मोबाइल डेटावर करण्याजोगे नाही. मॅकओएसवर निक्स व्यवस्थित चालतो आणि स्वतःसाठी वेगळा व्हॉल्यूम तयार करतो. विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय) याखेरीज मार्ग नाही.

माझे मत होम मॅनेजरच्या बाजूने आहे, निक्सव्हिमच्या नव्हे: काय बसवायचे ते निक्सने ठरवावे आणि संपादकाने कसे वागायचे ते लुआने. लुआ अजिबात शिकायची नसेल, किंवा एकाच कमांडवर उचलून नेता येणारा संपादक हवा असेल, तर निक्सव्हिम जरूर घ्यावा. ज्यांची लेझीवरची मांडणी आज सुरळीत चालू आहे त्यांनी ती मोडू नये. निओव्हिम आणि लँग्वेज सर्व्हर तेवढे होम मॅनेजरच्या पॅकेजांच्या यादीत घालावेत, मेसन बंद करावा आणि मांडणीचे फोल्डर आहे तसे राहू द्यावे. प्लगइनांची यादी निक्सकडे नेण्याचा प्रश्न त्यानंतर केव्हाही घेता येतो.