टॉर्क रॉड आणि बोगीच्या बुशचं काम: वाघोलीच्या पुढच्या गॅरेजचा अनुभव

ज्यांची दहा टायरी हायवा (टिपर) आहे आणि टायर एका बाजूनं खातायत (झिजतायत), कितीही अलाइनमेंट केली तरी खातायत, त्यांनी हे पूर्ण वाचा. पुण्याकडून येताना वाघोलीचा केसनंद फाटा ओलांडून नगर रोडनं थोडं पुढे आलं की हे गॅरेज लागतं, फक्त पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) आणि बोगीचं (मागच्या दोन एक्सलच्या जोडीचं) काम करतात, इंजिन, गिअरबॉक्स, इलेक्ट्रिकचं काम घेऊन गेलात तर हात जोडून दुसरीकडे पाठवतात. पाचपैकी साडेचार स्टार देतेय, अर्धा का कापला ते पण लिहिते.

गाडी आमची टाटा २५१८, लोणीकंद-भावडीच्या क्रशरवरून खडी आणि क्रश सँड भरायची आणि पुण्यातल्या साइटवर खाली करायची, हेच काम. खाणीचा रस्ता कसा असतो ते ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको, भरलेली गाडी खड्ड्यातून वर येताना एक एक्सल वर, एक खाली, सगळी बोगी पिळवटून निघते. पावसाळ्यानंतर ड्रायव्हरची तक्रार सुरू झाली की ब्रेक मारला की मागून ठक्क वाजतं, पहिल्या गिअरात उचलली की परत ठक्क. शिवाय सरळ रोडला स्टिअरिंग जरासं डावीकडे धरून ठेवावं लागतं, सोडलं की गाडी उजवीकडे जाते. ड्रायव्हरचं म्हणणं होतं, "ताई, गाडी तिरकी पळतीये, मागनं बाईकवर येऊन बघा."

आधी एका दुसऱ्या ठिकाणी दाखवलं होतं. तिथं पुढची अलाइनमेंट केली, किंगपिन बदलायला लावला, टाय रॉड एंड बदलायला लावला (दोन्ही पुढच्या चाकांच्या वळण्याचे पार्ट), बिल केलं आणि गाडी दिली. आवाज तसाच, ओढ तशीच, आणि पुढचे टायर पण खायला लागले. १०.००-२० मापाचा नवा टायर वीस हजाराच्या आसपास जातो, त्यामुळे पोटात गोळा येतोच. त्या लोकांनी मागे बघितलंच नाही याचा मला खरंच राग आहे, कारण गाडी मागून ढकलली जातेय आणि तुम्ही पुढची चाकं सरळ करत बसलात तर काय उपयोग.

इथं आल्यावर मिस्त्रींनी पाना हातात घेतलाच नाही. आधी ड्रायव्हरला विचारलं आवाज रिकाम्याला जास्त का भरलेल्याला, ब्रेक मारताना का सोडताना, क्रॉस (एक्सलला फिरवणाऱ्या शाफ्टचा सांधा) मागे कधी बदलला होता. क्रॉस वर्षात दुसऱ्यांदा गेला होता, ते ऐकल्यावर म्हणाले मग टॉर्क रॉडच्या टोकांचे रबरी बुशच बघायला पाहिजेत. नंतर मागच्या टायरवरून तळहात फिरवला, एकदा बाहेरून आत आणि एकदा आतून बाहेर, आणि मला पण फिरवायला लावला. एका बाजूनं गुळगुळीत लागतं आणि उलट फिरवलं की करवतीच्या दातासारखं हाताला लागतं. टायर सरळ न फिरता आडवा घासला जातोय त्याची ही खूण, हवा कमी-जास्त असली की टायर वेगळ्या पद्धतीनं झिजतो, दोन्ही कडांना किंवा मधे.

मग टेप. गाडी रिकामी, सपाट काँक्रीटवर, थोडी पुढे घेऊन सरळ उभी केलेली. मागच्या दोन एक्सलच्या हबच्या सेंटरपासून सेंटरपर्यंत उजवीकडून माप घेतलं, मग डावीकडून. डावीकडचं अंतर सेंटिमीटरहून जास्त कमी भरलं. परत घेतलं, तेवढंच. मग पुढच्या एक्सलपासून मधल्या एक्सलपर्यंत दोन्ही बाजूंनी, तिथं डावीकडचं जास्त. म्हणजे मधला एक्सल डाव्या बाजूनं मागे सरकलाय, चाकांचं तोंड डावीकडे झालंय, मागचा भाग डावीकडे ढकलला जातो, गाडीचं नाक उजवीकडे वळतं, आणि ड्रायव्हर बिचारा दिवसभर स्टिअरिंग डावीकडे ओढून ते सांभाळतोय. पुढचे टायर का खात होते ते पण इथंच कळलं. ज्या गोष्टीसाठी एवढे पैसे घातले ती दहा मिनिटांत साध्या टेपनं सापडली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, मला मिस्त्रींनी गाडीखाली नेऊन बोट लावून दाखवलं. साध्या सहा टायरी ट्रकला मागचा पाटा पुढच्या टोकाला पिननं चासीला बांधलेला असतो, त्यामुळे एक्सलला पाटाच धरून ठेवतो. बोगीत तसं नसतं. पाट्यांचा गठ्ठा मधे बसवलेला असतो आणि त्याची दोन टोकं दोन एक्सलवर नुसती टेकलेली असतात, गाडी वरखाली झाली की तिथं सरकतात. म्हणजे पाटा वजन घेतो, पण एक्सलला पुढेमागे धरत नाही. ते काम टॉर्क रॉडचं, चासी आणि एक्सलला जोडणाऱ्या दांड्याचं. ब्रेक मारला की एक्सल मागे राहायला बघतो आणि स्वतःभोवती फिरायला बघतो, ॲक्सिलरेटर दिला की उलटं, हे सगळं खालचे आणि वरचे रॉड मिळून झेलतात. काही मॉडेलला वर व्ही आकाराचा रॉड असतो, तो एक्सलला डावी-उजवीकडे पण जाऊ देत नाही. आणि प्रत्येक रॉडच्या टोकांना रबराचा बुश, मधे लोखंडी पिन. रबर गेलं की रॉड असून नसल्यासारखा. वरचा बुश गेला तर हाऊसिंगचं (एक्सलच्या मधल्या गिअरच्या डब्याचं) तोंड वरखाली होतं, शाफ्टचा अँगल बिघडतो आणि क्रॉस मार खातो, आमचा तसाच जात होता.

बुश तपासायची त्यांची पद्धत मला सगळ्यात आवडली. प्रत्येक बुशवर तारेच्या ब्रशनं माती काढली, खडूनं पिनेपासून रबरावरून रॉडच्या डोळ्यापर्यंत (बुश बसतो त्या गोल कड्यापर्यंत) एक सरळ रेघ मारली. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके. ड्रायव्हरला वर बसवून ब्रेक दाबून ठेवायला सांगितला आणि पहिला, रिव्हर्स, पहिला, रिव्हर्स असं क्लच अर्धा सोडत गाडीला नुसता झोका द्यायला लावला. मिस्त्री बाजूला उकिडवे बसून बॅटरी मारत होते, गाडीखाली कोणालाही जाऊ दिलं नाही. चांगल्या बुशवर खडूची रेघ जराशी तिरकी होऊन परत जागेवर येते. गेलेल्यावर रेघ तुटते, पिन एकीकडे आणि रबर एकीकडे. डावीकडच्या खालच्या पुढच्या रॉडची रेघ तर बोटभर तुटली, आणि पिनेच्या कडेनं लाल भुकटी बाहेर आली, ते गंजाचं पीठ, म्हणजे आत लोखंडाला लोखंड घासतंय. नंतर इंजिन बंद करून पहार घालून पण दाखवलं. आणि एक गोष्ट त्यांनी मुद्दाम सांगितली ती लक्षात ठेवण्यासारखी आहे, रबरावर वरवर बारीक चिरा दिसल्या म्हणजे बुश गेला असं नाही, जुन्या रबराला चिरा पडतातच, रबर पिनेपासून किंवा बाहेरच्या लोखंडी शेलपासून सुटलं का ते बघायचं. नाहीतर चांगले बुश काढून बिल वाढवणारे पण आहेत.

हे सगळं मला दाखवलं हे महत्त्वाचं. गाडी माझ्या नावावर आहे, पैसे मी देते, तरी बऱ्याच ठिकाणी बाई दिसली की मिस्त्री ड्रायव्हरकडे तोंड करून बोलतात. इथं तसं झालं नाही, कागदावर कुठला रॉड, कुठला बुश, काय करायचं ते लिहून माझ्या हातात दिलं आणि मी हो म्हटल्यावरच नट सैल केला.

आता कामाबद्दल. चासीखाली घोडी (लोखंडी स्टँड) लावून गाडी उचलली, नुसत्या जॅकवर कोणी खाली गेलं नाही. एका बाजूचे रॉड काढायचे, बसवायचे, मग दुसरी बाजू, सगळे एकदम काढले तर एक्सल मोकळा होऊन सरकतो आणि परत जागेवर आणताना जीव जातो. बुश काढायला हायड्रॉलिक प्रेस आहे त्यांच्याकडे आणि ह्याच्यासाठी मी लांबून पण इथंच येईन. रस्त्याकडेच्या बऱ्याच ठिकाणी गॅस कटरनं रबर जाळतात, काळा धूर निघतो, मग घणानं ठोकून शेल बाहेर काढतात, त्यात रॉडचा डोळा तापतो, त्याचा आकार बिघडतो आणि नवीन बुश पहिल्या दिवसापासून ढिला बसतो. इथं प्रेसवर ठेवला, लॉक काढलं, दाब दिला, कडाड आवाज आला आणि बुश बाहेर. डोळा आतून साफ करून कॅलिपरनं उभा-आडवा मोजला. एका रॉडचा डोळा अंडाकृती झाला होता, तो नवीनच घ्यायला लावला, वेल्डिंग भरून लेथवर मारतो असं त्यांचा एक पोरगा म्हणाला तर मिस्त्री त्याच्यावर ओरडले की टॉर्क रॉडला वेल्डिंग करायचं नाही, उताराला तुटला तर भरलेली गाडी कुठं जाईल सांगता येत नाही. मला हे ऐकून फार बरं वाटलं.

नवीन बुश बसवताना दोन्ही टोकांच्या पिना एकमेकींच्या हिशोबात बसल्या पाहिजेत, आधीच पेंटनं खूण केलेली होती. पिन चुकीच्या कोनात दाबली तर ब्रॅकेटवर जबरदस्तीनं वळवून बोल्ट मारावा लागतो आणि रबर कायम पिळलेलं राहतं, असा बुश लवकर फाटतो. त्याच कारणासाठी शेवटचं टाइट गाडी टायरवर उतरवून, वजन आल्यावर केलं, हवेत लटकत असताना नाही. बोल्ट आणि लॉक नट सगळे नवीन, टॉर्क पान्यानं. मग परत टेप, पिन आणि ब्रॅकेटच्या मधे पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) घालून दोन्ही बाजूची मापं जुळवली, आता फरक दोन-तीन मिलिमीटरच्या आत आहे. पुढची अलाइनमेंट सगळ्यात शेवटी.

पार्टबद्दल: त्यांनी कंपनीचेच बुश लावले, पाकीट माझ्यासमोर फोडलं. बाजारात स्वस्त पण मिळतात, हातात घेऊन बघितले, नखानं दाबलं तर दगडासारखे, रबर आहे का प्लॅस्टिक कळत नाही. पीयूचे (पॉलियुरेथेनचे) बुश पण विचारले होते, जास्त टिकतात म्हणतात म्हणून, मिस्त्रींचं मत असं की पक्क्या रोडवर चालणाऱ्या गाडीला ठीक, पण खाणीत बोगी जेवढी पिळते तेवढं रबरच ऐकून घेतं. मी त्यांचं ऐकलं. एकूण खर्च एका नव्या टायरच्या आसपास गेला, रॉडसकट, जीएसटी बिल, पार्ट वेगळे, मजुरी वेगळी लिहिलेली. जुने बुश पोत्यात घालून परत दिले.

ओव्हरलोडवर पण बोलणं झालं. २०१८ मध्ये सरकारनं बोगीच्या दोन एक्सलची मर्यादा १९ टनांवरून २१ केली, दहा टायरी गाडीचं एकूण वजन २५ वरून २८.५ टन झालं, तेव्हापासून जुन्या २५१८ वाल्यांना पण वाटतं की आपली पण गाडी तेवढं ओढेल. कागदावर टन वाढले म्हणून जुन्या गाडीचे पाटे आणि बुश बदलत नाहीत. ज्यांना हे पटत नाही त्यांनी एकदा या गॅरेजच्या कोपऱ्यातला फाटक्या बुशचा ढीग बघून यावा.

गाडी आता भरून पळतेय. ठक्क आवाज पूर्ण बंद, स्टिअरिंग मधे राहतं, ड्रायव्हर खूश आहे आणि त्याच्या खांद्याचं दुखणं पण कमी झालं म्हणतो. थोडे दिवस भरून चालवल्यावर परत बोलावलं होतं, सगळे बोल्ट आणि यू बोल्ट पुन्हा टॉर्क करून दिले, त्याचे पैसे घेतले नाहीत.

अर्धा स्टार कापला तो जागेसाठी. बसायला नीट जागा नाही, बायकांसाठी बाथरूम नाही, समोरच्या पेट्रोल पंपावर जावं लागतं. फोनवर अंदाज देत नाहीत, गाडी बघितल्याशिवाय बोलणारच नाही म्हणतात, ते मला बरोबर वाटतं पण लांबून येणाऱ्याची अडचण होते. रॉड स्टॉकमधे नव्हता म्हणून एक दिवस गाडी उभी राहिली, तो पार्ट जास्त लागत असेल तर ठेवायला पाहिजे. रविवारी बंद.

जाणार असाल तर सकाळी लवकर जा, वाघोलीचं ट्रॅफिक लागायच्या आत, नाहीतर नंबर दुपारनंतर लागतो. गाडी रिकामी न्या आणि ड्रायव्हरला सोबत ठेवा, कारण आवाज कधी येतो ते तोच सांगू शकतो. खालून पाण्यानं धुऊन न्या, बुश दिसले पाहिजेत, पण डिझेल मारून धुऊ नका आणि धुणाऱ्याला रबराच्या बुशला ग्रीस पण लावू देऊ नका, डिझेल-ग्रीसनं रबर फुगतं आणि मऊ पडतं, मिस्त्री आल्या आल्या वास घेऊन ओळखतात आणि मग तुम्हाला बोलतात.