प्रोग्रेसिव्ह चष्मा: सहा आठवड्यांनंतर

नवा चष्मा घालून कामाला बसले आणि टेबलाची कड वाकडी दिसली. मधे थोडी वर, दोन्ही टोकांना खाली ओघळलेली. चष्मा काढला, कड सरळ. घातला, पुन्हा वाकडी. तेवीस वर्षं मी इमारतींची ड्रॉइंग तपासते आहे. पट्टी लावायच्या आधीच रेघ कुठे हलली आहे ते माझ्या डोळ्याला कळतं, त्यावरच माझं काम चालतं. त्यामुळे त्या पहिल्या तासात मला खरोखर भीती वाटली.

आज सहा आठवडे झाले. प्रोग्रेसिव्ह घ्यावा की नाही या विचारात असलेल्यांसाठी सविस्तर लिहिते आहे, कारण मला घेताना जे कोणी सांगितलं नाही ते सगळं काचेपेक्षा मेंदूबद्दल होतं.

वय ४८. लांबचा नंबर अधिक ०.७५, जवळचा त्यावर आणखी १.७५. चाळिशी लागून चार वर्षं झाली होती आणि दोन चष्म्यांची अदलाबदल करून मी कंटाळले होते. मधे वर्षभर बायफोकल वापरला, पण त्याची आडवी रेघ ओलांडताना दृश्य उडी मारतं, ते मला शेवटपर्यंत जमलं नाही. प्रोग्रेसिव्हमध्ये रेघ नसते. वर लांबचं, मधल्या चिंचोळ्या पट्टीत संगणकाच्या अंतराचं, तळाशी वाचनाचं. १९५९ साली फ्रान्समध्ये बर्नार मेतनाझ यांनी बाजारात आणलेल्या भिंगापासून तत्त्व हेच आहे: काचेची वक्रता वरून खाली हळूहळू बदलत न्यायची. आणि ती तशी बदलली की खालच्या दोन्ही बाजूंना विकृती येणारच. ही भूमिती आहे, कारखान्याची चूक नव्हे. महागाच्या काचेत ती विकृती कमी त्रास देईल अशी वाटून टाकलेली असते, पण नाहीशी कोणत्याच काचेत होत नाही. ‘बाजूला अजिबात धूसर दिसणार नाही’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

माझी पहिली जोडी वाया गेली. दुकानाचं नाव लिहीत नाही. तिथे काच फ्रेममध्ये किती उंचीवर बसवायची याचं माप घेतलं तेव्हा मी खुर्चीत मान खाली घालून बसले होते. परिणाम असा की समोरचं स्पष्ट दिसायला हनुवटी छातीकडे न्यावी लागे. ‘सवय होईल, पंधरा दिवस द्या’ असं उत्तर मिळालं. दिले. झाली नाही. दुसऱ्या ठिकाणी मला उभं केलं, समोर लांब बघायला सांगितलं, आणि फ्रेममधल्या कोऱ्या काचेवर पेनाने बाहुलीच्या जागी खूण केली. फरक निघाला ३ मिलिमीटर. आधीच्या काचा नेमक्या तेवढ्या वर बसल्या होत्या.

वाकडं दिसणं आणि धूसर दिसणं यांतला फरक समजून घ्यायला मला वेळ लागला, म्हणून त्यावर जोर देते. वाकलेल्या कडेत माहिती असते, फक्त ती हललेली असते. तिची घडी मेंदू पुन्हा बसवू शकतो. धूसर झालेल्या अक्षरांत माहितीच कमी पोचते, आणि कितीही पंधरवडे दिले तरी न पोचलेली रेघ मेंदू कुठून आणणार? तेव्हा सरळ समोर बघताना धूसर दिसत असेल तर सवयीची वाट बघू नका, माप तपासून घ्या. काचेवर वाफ सोडली की दोन बारीक कोरीव खुणा दिसतात, एकमेकींपासून ३४ मिलिमीटरवर. त्यांच्या आधाराने काच कुठे बसली आहे ते चष्मेवाले तुमच्यासमोर दाखवू शकतात. मागा.

योग्य जोडी आल्यावर खरे दिवस सुरू झाले. पहिले चार दिवस मान वळवली की दाराची चौकट पाण्यात असल्यासारखी हिंदकळायची. दुपारपर्यंत डोकं जड, थोडी मळमळ. कारण शोधलं तेव्हा मला फार आवडलं. आपण डोकं उजवीकडे वळवलं की डोळे तेवढेच डावीकडे वळतात, अंतर्कर्णातून आलेल्या इशाऱ्यावर, सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागात. म्हणून चालतानाही जग स्थिर दिसतं. आता माझी काच दृश्य किंचित मोठं करते, आणि किती मोठं हे काचेच्या जागेनुसार बदलतं. म्हणजे जुन्या हिशोबाने वळलेला डोळा थोडा कमी किंवा जास्त वळतो आणि उरलेला फरक जग हललं म्हणून दिसतो. लहान मेंदूला तो हिशोब नव्याने मांडावा लागतो. पाचव्या दिवशी हिंदकळणं निम्म्यावर आलं, नवव्या दिवशी माझ्या लक्षातूनच गेलं.

आणि बाराव्या दिवशी ती कड. संध्याकाळी सहज टेबलाकडे पाहिलं, चष्मा नाकावर होता, कड सरळ होती. मी पट्टी घेऊन आले. पट्टीही सरळ, कडही सरळ. मग चष्मा काढला तर उघड्या डोळ्यांना कड वाकडी! मधे खाली, टोकं वर, म्हणजे पहिल्या दिवसाच्या नेमकी उलट. काही क्षणांत ते विरलं, पण मी खुर्चीत बसूनच राहिले. काच तीच होती. डोळ्यात पडणारी प्रतिमा पहिल्या दिवसाइतकीच वाकडी होती. मधे कोणीतरी ती सतत सरळ करत होतं आणि काच काढल्यावरही काही क्षण सरळ करतच राहिलं.

१९३३ साली मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांनी लोकांना सरळ कडा वाकड्या दाखवणारे लोलकाचे चष्मे घातले होते. त्यांना हेच आढळलं: घालून राहिलं की वाक कमी भासतो, काढला की सरळ रेघ उलटी वाकते. पुढे तर त्यांना दिसलं की नुसत्या वाकड्या रेघेकडे बराच वेळ पाहिलं तरी थोडं असंच घडतं. म्हणजे ‘सरळ’ ही मेंदूत कायमची कोरलेली पट्टी नाही, समोर रोज काय येतं त्यावर ती सरकते. माझ्या कामाच्या माणसाने हे वाचून हादरायला हवं. मी उलट खूश झाले.

याहून टोकाचा प्रयोग जॉर्ज स्ट्रॅटन या मानसशास्त्रज्ञांनी १८९० च्या दशकात स्वतःवर केला. जग उलटं दाखवणारं भिंग एका डोळ्याला, दुसरा डोळा झाकलेला, आठ दिवस. खोली कायमची सुलटी झाली असं काही घडलं नाही, पण सुरुवातीला चाचपडणारे हात आणि पाय शेवटी विनासायास योग्य जागी जाऊ लागले.

माझ्या सर्वांत उपयोगी पडला तो मात्र मानसशास्त्रज्ञ रिचर्ड हेल्ड यांचा १९६० च्या सुमाराचा प्रयोग. लोलकाचे चष्मे घातलेल्या काही जणांना स्वतः चालायला लावलं, काहींना चाकांच्या खुर्चीत बसवून फिरवलं. दोघांच्या डोळ्यांपुढून साधारण सारखंच दृश्य गेलं, पण नीट जुळवून घेतलं ते चालणाऱ्यांनी. हे वाचल्यापासून मी नवा चष्मा घालून मुद्दाम फिरायला लागले. घरातल्या वस्तू उचलून ठेवायच्या, दार उघडायचं, हात लांब करून स्विच दाबायचा. तुम्हीही पहिले दोन आठवडे जुना चष्मा कपाटात ठेवा. दर तासाला बदलत राहिलात तर दोन्ही हिशोब अर्धवट राहतात.

कडेच्या धूसरपणाची जेवढी धास्ती असते तेवढा तो नडत नाही. तीक्ष्ण दिसतं ते दृष्टीच्या मध्यावरचं, हात लांब केल्यावर अंगठ्याच्या नखाएवढं. बाकीचं चष्म्याशिवायही भरडच असतं, पण डोळे सेकंदाला दोन-तीनदा इकडून तिकडे उडी मारतात आणि मेंदू त्या ठिपक्यांतून एक अखंड दृश्य उभं करतो. त्रास होतो तो कडेतून थेट बघायला गेलं की. उपाय एकच, डोळ्यांऐवजी नाक वळवा.

आता जिथे हा चष्मा कमी पडतो ते. जिना उतरताना नजर तळाच्या वाचनाच्या भागातून जाते, पायऱ्या धूसर होतात आणि आहेत त्यापेक्षा जवळ वाटतात. हनुवटी खाली घेऊन वरच्या भागातून बघावं लागतं. मला दहा दिवसांत जमलं. पण वय झालेल्या आणि तोल जाणाऱ्या माणसाला हा चष्मा प्रथमच देताना मी दहादा विचार करेन. अशा काचांमुळे वृद्धांचं खोलीचं भान कमी होतं आणि पडण्याचा धोका वाढतो, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. बाहेर चालायला त्यांना वेगळा, फक्त लांबचा चष्मा असलेला बरा.

आणि माझं काम. ए-वन आकाराचा कागद ८४१ मिलिमीटर रुंद असतो. मधल्या चिंचोळ्या पट्टीतून तो तपासायचा म्हणजे मान सतत डावी-उजवी. तासाभराने मानेचे स्नायू बोलायला लागतात. पडद्यावरचं काम चालतं, कागदावरचं चालत नाही. त्यासाठी एकाच नंबरचा, टेबलाच्या अंतराचा साधा चष्मा करायला टाकला आहे. बाकी सगळा दिवस, म्हणजे चालणं, वाचणं, फोन, समोरच्या माणसाशी बोलणं, हाच नाकावर असतो.

ड्रॉइंगवर लाल खूण करण्याआधी मी अजून पट्टी लावून बघते. सहा आठवड्यांत एकदाही नजर आणि पट्टी यांचं भांडण झालेलं नाही.