ऑटोसोल, बफिंग आणि मेण: जुन्या जावावर एक पावसाळा

ऑटोसोल ही धातू चमकवायची पेस्ट ॲल्युमिनियमला उत्तम, क्रोमला बेतानं, आणि साताऱ्याच्या पावसात तिच्यावर मेणाचा हात हवाच. उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत जुन्या जावा 250 मोटरसायकलवर वापरून माझं मत असं झालं आहे. कारणं सविस्तर लिहितो, कारण जुनी गाडी एकदा चुकीची घासली गेली की गेलेला धातू परत येत नाही.

गाडी म्हैसूरच्या आयडियल जावाची, साठच्या दशकातली, वडिलांनी घेतलेली. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर, किक आणि गिअरला एकच दांडी, टाकीच्या दोन्ही बाजूंना क्रोमचे पट्टे. आता शाहूपुरीत पत्र्याच्या शेडखाली असते आणि सुट्टीच्या दिवशी यवतेश्वरचा घाट चढून कासच्या बाजूला जाते. त्या रस्त्यावरचं धुकं आणि जांभ्याची लाल माती धातूला काय करते ते पश्चिम साताऱ्यातल्या माणसाला सांगायला नको.

पेस्ट हातात घेण्याआधी कुठला भाग कशाचा आहे ते ठरवा. लोहचुंबक लावून बघा. रिम, हँडल, सायलेन्सर चुंबक ओढतात, म्हणजे खाली लोखंड आणि वर क्रोम. इंजिनाची झाकणं आणि हब ओढत नाहीत, ते ॲल्युमिनियम. मग चिंधीवर वाटाण्याएवढी पेस्ट घेऊन एका कोपऱ्यात चोळा. उघडं ॲल्युमिनियम असेल तर चिंधी लगेच काळीकुट्ट होते. तो मळ नसतो, धातूचाच बारीक थर निघत असतो. गाडी धुतलेली असूनही चिंधी काळी होत नसेल तर वर कुणीतरी लॅकर, म्हणजे पारदर्शक रंगाचा थर, मारलेलं आहे. ते आधी काढावं लागतं, नाहीतर तासभर घासून फक्त लॅकर चमकवाल.

क्रोमचं गणित वेगळं आहे. आपण ज्याला क्रोम म्हणतो त्यात क्रोमियमचा थर साधारण अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आरशासारखी खोली दिसते ती त्याच्या खालच्या निकेलमुळे, आणि निकेलचा थर दहा-वीस मायक्रॉनच्या घरातला. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन धरला तर आपण कशाला हात घालतोय ते कळेल. क्रोमवर जोर काढून घासलं की एक दिवस तिथं पिवळसर झाक दिसायला लागते. ते क्रोम संपून निकेल उघडं पडल्याचं लक्षण, आणि त्यावर कुठलीही पेस्ट इलाज करू शकत नाही.

म्हणून रिमवरच्या गंजाच्या ठिपक्यांसाठी मी पेस्ट वापरलीच नाही. स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चुरगळून, पाण्यात बुडवून हलक्या हातानं फिरवला. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे चरे पडत नाहीत आणि वरचा तांबूस गंज निघून येतो. फार धरलेल्या जागी सगळ्यात बारीक, म्हणजे चार शून्यांची स्टील वूल तेलात भिजवून चालते. भांडी घासायची तारेची घासणी मात्र गाडीजवळही आणू नका. गंज निघाल्यावर बारीक खड्डे राहतात ते राहतातच. त्या खड्ड्यांतून पाणी खालच्या लोखंडापर्यंत जातं, म्हणून ते मेणानं बुजवणं महत्त्वाचं. माझ्या रिमवर हे खड्डे जवळून दिसतात, आणि साठ वर्षं चाललेल्या गाडीवर ते असावेत असंच मला वाटतं.

टाकीवरचं गुडघ्याचं रबर काढून बघायला विसरू नका. पाणी त्याच्या मागे शिरतं आणि तिथंच बसून राहतं. बाहेरून पट्टा लखलखीत दिसत असतो आणि रबराखाली गंज पसरलेला असतो. पावसाळ्यात मी रबर काढून, कोरडं करून, मागे मेणाचा जाड हात देऊन परत बसवत राहिलो, आणि आतला गंज जिथं होता तिथंच थांबला.

आता ॲल्युमिनियम, ज्यात खरा आनंद आहे. इंजिनाची दोन्ही झाकणं उतरवली. खोल चरे होते तिथं 400 नंबरच्या वॉटर पेपरनं (ओला करून घासायचा पॉलिश पेपर, नंबर मोठा तेवढा बारीक) सुरुवात, मग 600, 1000, 1500. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला की पेपर भरत नाही. प्रत्येक नंबरला घासायची दिशा आडवी बदलायची, म्हणजे आधीच्या नंबरचे चरे उरले आहेत का ते उजेडात स्पष्ट दिसतं. घाई करून एक नंबर गाळला तर तो चरा शेवटी चमकीच्या आतून डोकावतो, आणि मग सगळं पहिल्यापासून. इंजिन नंबर ठोकलेल्या जागेला मात्र वॉटर पेपर लागता कामा नये. तिथं आधी जाड टेप लावा. नंबर पुसट झाला तर आरटीओत उत्तर देताना नाकी नऊ येतील. शिवाय पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 साली व्हिंटेज नोंदणीचे जे नियम आले त्यात गाडी मूळ रूपात असणं ही अट आहे, त्यामुळे जेवढं कमी काढाल तेवढं बरं.

पेपरनंतर बफिंगसाठी, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर धातू चमकवून घ्यायला, एमआयडीसीतल्या एका काकांकडे गेलो. साताऱ्यात एकेकाळी महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात प्रिया स्कूटर बनायची. या गावात दुचाकीच्या धातूकामाची नजर असलेली माणसं अजून भेटतात. काकांनी एकच गोष्ट ठासून सांगितली: चमक प्लेटिंगच्या, म्हणजे धातूचा मुलामा देण्याच्या, टाकीत येत नाही, ती त्याआधी बफच्या चाकावर येते. शिवलेल्या कापडाच्या चाकावर आधी पॉलिशची तपकिरी वडी, मग चाक बदलून मऊ कापडावर पांढरी वडी. एका वडीचं चाक दुसऱ्या वडीला वापरायचं नाही. वस्तू चाकाच्या मध्यापेक्षा खाली धरायची आणि धार कधी चाकाच्या तोंडाला द्यायची नाही, कारण चाक ती पकडून हातातून भिरकावून देतं. मास्क आणि चष्मा लागतोच. आणखी एक धोका फार कमी लोकांना माहीत असतो: ॲल्युमिनियमची बारीक धूळ साठलेल्या जागी लोखंड ग्राइंड करू नका. ठिणगीनं ती धूळ पेट घेते.

बफनंतर ऑटोसोलचा हात फिरवला तेव्हा झाकणात शेडचे पत्रे मोजता येतील इतकी चमक आली. या कामाला ही पेस्ट खरोखर अप्रतिम आहे. जर्मनीतल्या झोलिंगनची, चाकू-सुऱ्यांसाठी नावाजलेल्या गावची. कण बारीक, वास थोडा उग्र, आणि थोडीशीच लागते. माझी ट्यूब अजून संपलेली नाही. आमच्याकडे घरोघरी फौजेतली माणसं, त्यामुळे बक्कल-बिल्ल्यांसाठी ब्रासोची बाटली असतेच. ती पितळेवर छान. पितांबरीही तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी आहे, तिला तिथंच राहू द्या. चिंच-लिंबू लावायचा सल्ला मला बऱ्याच जणांनी दिला. पितळेवर शोभणारी आंबट गोष्ट ॲल्युमिनियमवर डाग उठवते.

खरी परीक्षा जूनमध्ये सुरू झाली. मी मुद्दाम डाव्या झाकणावर कार्नोबा मेण लावलं आणि उजवं फक्त पेस्टनं चमकवून उघडं ठेवलं. पावसाच्या पहिल्या काही आठवड्यांतच उजवं झाकण राखाडी झालं. जिथं थेंब वाळले तिथं पांढरे ठिपके उठले. डावं शाबूत राहिलं. यात पेस्टचा दोष नाही. उघड्या ॲल्युमिनियमवर हवेनं थर येतो आणि ओलाव्यात तो डागाळतो, हा त्या धातूचा स्वभावच आहे. उजवं झाकण पुन्हा पेस्टनं घासलं, मेण लावलं, आणि उरलेला पावसाळा तेही टिकलं. मेण धुण्यानं उतरतं, त्यामुळे पाण्याचे थेंब गोल राहायचे बंद झाले की नवा हात द्यायचा.

सायलेन्सरवर मात्र मेणाचा उपयोग नाही. कार्नोबा 85 अंशांच्या आसपास वितळतं आणि पाइप त्याहून कितीतरी तापतो. तिथं गाडी थंड झाल्यावर पुसून कोरडी करणं एवढंच हाती. तापून आलेली निळसर झाक पेस्टनं थोडी कमी होते, पण इंजिनात जाणाऱ्या हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल कमी पडत असेल तर ती परत येते. आधी कार्बोरेटर बघा.

लॅकर मारून कायमची कटकट मिटवावी असं वाटेल. एका ओळखीच्या गाडीवर मी त्याचा शेवट पाहिला. कडेला बारीक टवका उडाला, पाणी आत शिरलं आणि लॅकरखाली अळीसारख्या पांढऱ्या रेषा पसरल्या. ते काढणं उघडं ॲल्युमिनियम घासण्यापेक्षा कितीतरी जिकिरीचं.

हँडल तेवढं नव्यानं प्लेटिंग करून घेतलं, शेजारच्या शहरातल्या एका दुकानात. पावसाळा संपायच्या आत क्लचच्या बाजूला पापुद्रे सुटले. जुना गंज पूर्ण न काढता, खाली निकेल पुरेसं न देता वरून क्रोम मारलं की असंच होतं. प्लेटिंगला टाकायचंच असेल तर तांबं आणि निकेल किती देणार ते आधी विचारा, आणि बफ केलेली वस्तू टाकीत जाण्यापूर्वी स्वतः डोळ्यांनी बघा. पेट्रोलच्या टाकीचे पट्टे मी म्हणूनच कुणाच्या हाती दिलेले नाहीत.

कासहून आल्यावर लाल माती कोरड्या फडक्यानं पुसू नका. तिच्यातले कण पॉलिशवर चरे काढतात. आधी भरपूर पाणी, मग मऊ सुती कापड. आणि शेडमध्ये प्लास्टिकचं कव्हर घालणं मी बंद केलं. त्याच्या आत वाफ धरते. आता गाडीवर जुनी सुती चादर असते, आणि सकाळी हँडलवर दव दिसत नाही.