विद्यार्थ्यांच्या वेबसाइट: गुगल ड्राइव्ह की गिटहब?

बीड-नांदेडकडची बरीच मुलं ऑनलाइन वर्गाचं काम मोबाइलवरच करतात. त्यांना ड्राइव्ह सोपं: १५ जीबी फुकट, फोल्डरला हजेरी क्रमांक दिला की लगेच सापडतं. पण तिथून वेबसाइट चालत नाही. ती सोय गुगलने २०१६ मध्येच बंद केली.

गिटहब म्हणजे कोड आणि फायली ठेवायची ऑनलाइन जागा. ते शिकायला वेळ लागतो, तरी माझं मत त्यालाच. प्रत्येक कमिट, म्हणजे बदल जतन केल्याची नोंद, जुनी अवस्था जपतं. गटातल्या कोणी पान बिघडवलं तरी कालचं परत आणता येतं. गिटहब पेजेस या त्याच्याच सोयीवर साइट फुकट दिसतेही. मात्र फुकट खात्यात त्यासाठी रिपॉझिटरी, म्हणजे त्या कामाचा फोल्डर, सगळ्यांना खुली ठेवावी लागते, म्हणून मुलींचे मोबाइल नंबर त्यात अजिबात नकोत. १०० एमबीवरचे व्हिडिओ ड्राइव्हवरच ठेवा. सत्र संपताच सगळ्या कामाची झिप फाइल उतरवून कॉलेजच्या हार्ड डिस्कवरही घ्या. खातं मुलांचं असतं, पासवर्ड हरवला की काम अडकतं.